सावरणं म्हणजे सोसणं नव्हे : डॅनियल अल्ड्रिच यांचं पुस्तक तळ्यातून वाचताना

आपत्ती व्यवस्थापनाच्या कुठल्याही प्रशिक्षणाला किंवा चर्चासत्राला जा, कोकणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : कोकणी माणूस चिवट आहे, तो रडत बसत नाही. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, आणि ऐकणारा कोकणातला असेल तर त्याची मानही जरा ताठ होते. पण माझ्या पीएच.डी.च्या विषयात हे वाक्य मला सतत अडतं. कारण त्याचा पुढचा भाग कोणी उच्चारत नाही, आणि तो असा असतो : ‘म्हणून त्याला फार काही दिलं नाही तरी चालतं.’

आज ज्या पुस्तकाबद्दल लिहितोय, त्याचाही आपल्याकडे असाच अर्धा अर्थ लावला जातो. पुस्तक आहे डॅनियल अल्ड्रिच या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचं, ‘बिल्डिंग रेझिलियन्स’, शिकागो विद्यापीठाने २०१२ साली प्रकाशित केलेलं. आपत्ती आणि समाज या विषयावर काम करणाऱ्याला ते टाळता येत नाही. मला ते आवडतं, आणि तरीही रायगड जिल्ह्यातल्या तळा तालुक्यात बसून ते वाचलं की काही ठिकाणी ते चक्क कोलमडतं. दोन्ही गोष्टी सांगतो.

आधी शब्दाचं बघू

‘रेझिलियन्स’ला मराठीत काय म्हणायचं? सरकारी कागदांत ‘लवचिकता’ असतं, कुठे ‘प्रतिरोधक्षमता’, कुठे ‘आघात-सहनशीलता’. हा शब्द आमच्या क्षेत्रात आला तो पर्यावरणशास्त्रातून. १९७३ साली सी. एस. हॉलिंग या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. एखादं जंगल किंवा तळं धक्का बसल्यावर कितपत बदलतं आणि तरीही जंगल किंवा तळंच राहतं का, असा त्याचा प्रश्न होता. नंतर हा शब्द शहरं, गावं, बँका, कंपन्या, रुग्णालयं, सगळ्यांना लावला गेला. २०१५ च्या सेंडाई आराखड्यात, म्हणजे आपत्तीचा धोका कमी करण्याबाबत देशांनी मान्य केलेल्या कागदात, तो जागोजाग आहे.

मला स्वतःला ‘सावरणं’ हा शब्द बरा वाटतो. त्याचं एक कारण व्याकरणाचं आहे. ‘ती सावरली’ असंही म्हणता येतं आणि ‘शेजारणीने तिला सावरलं’ असंही. म्हणजे सावरणारा कोण आणि सावरला गेलेला कोण, हे मराठीत वाक्यातच सांगावं लागतं. जंगलाच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. गावाच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच असतो.

पुस्तक काय म्हणतं

अल्ड्रिच यांनी चार आपत्ती घेतल्या आहेत : १९२३ चा टोकियोचा भूकंप, १९९५ चा कोबेचा भूकंप, २००४ च्या त्सुनामीनंतरचा तमिळनाडूचा किनारा आणि २००५ च्या कतरिना वादळानंतरचं न्यू ऑर्लिन्स. शेवटच्या शहरात ते स्वतः राहायला गेले आणि काही आठवड्यांतच त्यांचं घर पाण्यात गेलं. त्यामुळे पुस्तकाला एक खरी कळकळ आहे.

प्रश्न साधा आहे. एकाच भूकंपात, एकाच शहरात, एक वस्ती लवकर उभी राहते आणि दुसरी मागे पडते, ती कशामुळे? आपण पटकन म्हणू : पैसा, नुकसानीचं प्रमाण, सरकारी मदत. अल्ड्रिच आकडे मांडून म्हणतात की ही सगळी कारणं धरूनही एक कारण उरतं, आणि ते बऱ्याचदा सगळ्यांत वजनदार ठरतं : माणसं एकमेकांशी किती आणि कशी जोडलेली आहेत. अभ्यासात याला ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. आपण त्याला गोतावळा म्हणू.

त्यातही ते तीन प्रकार करतात. एक, आपल्यासारख्यांशी असलेलं घट्ट नातं : भावकी, आळी, जात. दुसरं, वेगळ्या गटांशी असलेली ओळख : या वाडीचं त्या वाडीशी, शेतकऱ्याचं दुकानदाराशी. तिसरं, वरच्यांशी असलेला धागा : आमदार, तहसीलदार, संस्था, बँक. पहिल्याने जीव वाचतो, दुसऱ्याने काम मिळतं, तिसऱ्याने मदत येते, असं ढोबळमानाने म्हणता येईल.

हे पुस्तक भोळसट नाही, हे मुद्दाम सांगतो. गोतावळ्याला दोन धारा असतात, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. तमिळनाडूत मच्छीमारांच्या जातपंचायती जिथे मजबूत होत्या, तिथे मदत लवकर आणि भरपूर आली. पण ती वाटताना दलित, मुसलमान, विधवा, वृद्ध अनेकदा यादीबाहेर राहिले. न्यू ऑर्लिन्समध्ये ज्या वस्त्या संघटित होत्या, त्यांनी बेघरांसाठीच्या तात्पुरत्या ट्रेलर-वसाहती आपल्या भागात येऊच दिल्या नाहीत. गोतावळा आतल्यांसाठी छप्पर होतो आणि बाहेरच्यांसाठी कुंपण.

इथवर मी पुस्तकाच्या बाजूने आहे. आता तळ्याला येऊ.

मोजपट्टी तळ्यात लावून बघितली तर

तळा हा दक्षिण रायगडातला लहान तालुका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम चाळीस हजार. पूर्वी हा भाग माणगाव तालुक्यात होता. तळगडाच्या पायथ्याशी वसलेलं तळा गाव, डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, भातशेती, आंबा-काजू, आणि राजपुरीच्या खाडीचं मांदाडपर्यंत आत आलेलं पाणी. त्याच खाडीच्या अंगाला कुड्याची बौद्ध लेणी. मोकळा समुद्र थेट तालुक्याला लागत नाही. वादळाच्या बातमीत म्हणूनच तळ्याचं नाव सहसा मागून येतं : आधी अलिबाग, मग मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, आणि ‘इतर तालुके’.

आता अल्ड्रिच यांची मोजपट्टी बघा. गोतावळा थेट मोजता येत नाही, म्हणून ते त्याच्या खुणा मोजतात. टोकियोसाठी त्यांनी मतदानाची टक्केवारी आणि सभा-मोर्चांची संख्या घेतली. तमिळनाडूसाठी लग्नकार्यातला आहेर आणि मयताला जाणं-येणं. आणि ‘वस्ती सावरली’ हे कशावरून ठरवायचं? टोकियो आणि कोबेत त्यांनी लोकसंख्या पाहिली. माणसं परत आली, वाढली, म्हणजे वस्ती सावरली.

या तिन्ही खुणा तळ्याला लावा. ग्रामपंचायतीची निवडणूक असली की मुंबईहून गाड्या भरून मतदार येतात. लग्न, बारावं, पालखी, गणपती, यांना चाकरमानी येतोच येतो. कागदावर मतदान भरघोस, आहेर भरपूर, मयताला गर्दी. मोजणाऱ्याला वाटेल, केवढं घट्ट गाव! पण ही सगळी माणसं ३ जूनच्या दुपारी गावात नसतात. पावसाच्या तोंडावर गावात असतात ती म्हातारी माणसं, बायका आणि शाळकरी मुलं. दक्षिण रायगडच्या तालुक्यांत जनगणनेत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त येते, ती उगीच नाही.

आणि सावरण्याची खूण तर इथे उलटीच पडते. कोकणातलं घर संकटातून वर येतं ते बऱ्याचदा एक माणूस मुंबईला गेल्यामुळे. गिरणगावातल्या गावाच्या खोल्या, तिथून येणारी मनीऑर्डर, आता फोनवरून येणारे पैसे, हीच कोकणाची शंभर वर्षांची विमा योजना आहे. माणूस गाव सोडतो, म्हणून घर टिकतं. लोकसंख्या वाढली तर वस्ती सावरली, या हिशोबाने तळा कायमचा नापास. मतदानाच्या हिशोबाने कायमचा पहिला. एकाच गावाला एका पुस्तकाच्या दोन मोजपट्ट्या इतकी उलट उत्तरं देत असतील, तर दोष गावाचा नाही.

अल्ड्रिच यांच्या बाजूने कोणी म्हणेल, मुंबई मंडळ हा तर गोतावळाच झाला, फक्त लांबचा. मान्य. पण त्यांच्या तिन्ही प्रकारांत ‘लांब’ नावाचा रकानाच नाही. भावकी म्हणून तो पहिल्या प्रकारात बसतो, पण पैसा आणतो, मंत्रालयात ओळख काढतो, म्हणजे तिसऱ्याचंही काम तोच करतो. तीन वेगळे दोर आहेत असं आपण धरतो आणि प्रत्यक्षात एकच दोर तीनदा मोजलेला असतो. तो तुटला तर तिन्ही तुटतात.

जून २०२० : दोर दोन्ही टोकांना ताणला गेला

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी राज्यात टाळेबंदी शिथिल करण्याचा पहिला टप्पा सुरू होत होता. म्हणजे त्याआधीचे दोन-सव्वादोन महिने मुंबईतली रोजंदारी, छोटी दुकानं, रिक्षा, घरकाम, सगळं बंद. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला ई-पास. मे महिन्यात हजारो चाकरमानी कोकणात परतले होते, आणि गावोगावच्या शाळा विलगीकरणासाठी वापरात होत्या. वादळात माणसं हलवायची तर एरवी हमखास हाताशी असणारी पक्की इमारत शाळेचीच.

एक घर कल्पनेत उभं करू. कौलारू, मागे दहा-बारा आंब्याची आणि काजूची झाडं. मुलगा मुंबईत नोकरीला, तो मे महिन्यात बायकोमुलांसह गावी आलेला. ३ जूनला छप्पर उडतं, झाडं आडवी होतात. एरवी अशा वेळी काय होतं? मुलगा मुंबईहून पैसे पाठवतो, मंडळ वर्गणी काढतं, गावातला सुतार आणि गवंडी कामाला लागतात. या वेळी मुलगा घरातच आहे. हात वाढलेत, पगार थांबलाय. वर्गणी काढणारं मंडळही त्याच अवस्थेत. वीज गेली, त्यामागोमाग मोबाईलचे टॉवर गेले. खात्यात पैसे असले तरी ते काढायचे कसे, हा प्रश्न.

आमच्या विषयात याला एक सोपं तत्त्व लावतात. पर्यायी व्यवस्था तेव्हाच पर्यायी, जेव्हा ती मूळ व्यवस्थेबरोबरच बंद पडत नाही. रुग्णालयाचा जनरेटर आणि मुख्य वीजपुरवठा एकाच तळघरात असेल, तर पुरात दोन्ही जातात. दोन आहेत म्हणून समाधान मानण्यात अर्थ नसतो. कोकणाचा जनरेटर मुंबईत आहे. महामारीने तो बंद पडला आणि त्याच महिन्यात वादळ आलं. चारही आपत्तींच्या अभ्यासात अल्ड्रिच यांनी एका वेळी एकच धक्का मोजलाय. दोन एकदम आले तर गोतावळ्याचं काय होतं, याचं उत्तर त्या पुस्तकात नाही.

कागद कोणाच्या नावावर?

आता मदतीकडे येऊ. वादळानंतर दोनच दिवसांत मुख्यमंत्र्यांनी रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली. पुढे राज्य सरकारने फळबागांच्या नुकसानीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, कमाल २ हेक्टरपर्यंत. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण कोकणात बाग हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यात मोजतात. हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे. म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला ५ हजार. सुपारीचंच गणित करा : शिफारशीप्रमाणे २.७ मीटर अंतराने लावली, तर हेक्टरी सुमारे १,३७० झाडं बसतात. झाडामागे ३६ रुपये पडले. सुपारीला उत्पन्न सुरू व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, नारळ-आंब्यालाही वर्षं मोजावीच लागतात. पडलेलं झाड तोडून बाहेर काढायची मजुरी त्या पैशात निघाली तरी खूप.

पुढची अडचण सातबाऱ्याची. कोकणात एका सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांच्या काळापासूनची सामाईक नावं असतात. काही मयत, काही मुंबईत, काही कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. पैसे एकाच्या खात्यात जायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. इथे गोतावळ्याचा असा चेहरा दिसतो, जो पुस्तकात फारसा येत नाही : भावकी जितकी मोठी, सह्या तितक्या जास्त. तुमचा दीर तुमच्याशी बोलत नसेल, तर तुमच्या आंब्याचे पैसे अडतात. एरवी जे नातं छप्पर असतं, ते कागदावर कुलूप होतं. आणि ते उघडायला चुलतभाऊ पुरत नाही, महसूल खात्याने नियम बदलावा लागतो.

आणि ज्यांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही त्यांचं काय? रायगडात कातकरी वाड्या कित्येक आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. बागेत मजुरीला जाणारा, झाडावर चढून पाडप करणारा माणूस घ्या. बाग पडली तर मालकाचं एका हंगामाचं किंवा दहा हंगामांचं उत्पन्न गेलं, त्याचा पंचनामा होतो. मजुराचं कामच गेलं, त्याला पंचनाम्यात रकाना नाही. अल्ड्रिच यांनी तमिळनाडूत जे पाहिलं, ते इथे जातपंचायत नसतानाही होऊ शकतं. यादीबाहेर ठेवायला कोणी दुष्ट असावं लागत नाही. मोजायचं एकक हेक्टर ठेवलं की काम झालं.

पुस्तकातली न ऐकलेली गोष्ट

इथवर मी पुस्तकाच्या चुका दाखवल्या. आता जे पुस्तकात आहे, पण आपल्याकडे ते उद्धृत करणारे गाळतात, ते सांगतो. माझ्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं.

कोबेच्या भूकंपानंतर नागाता भागात मोठ्या आगी लागल्या. तिथली मानो नावाची वस्ती. रहिवाशांनी रांगा करून, बादल्यांनी पाणी हातोहात देत आग अडवली. जवळच्याच मिकुरा वस्तीत तसं घडलं नाही, आणि ती जळाली. मानोचे लोक जास्त शूर होते का? तसं नव्हे. मानोचे लोक १९६० च्या दशकापासून कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध एकत्र येऊन भांडत होते. सभा घेणं, निवेदनं देणं, कोण काय करणार हे ठरवणं, याची त्यांना तीस वर्षांची सवय होती. आगीच्या दिवशी तीच सवय कामी आली.

टोकियोच्या आकड्यांतही तेच दिसतं. अल्ड्रिच यांनी तिथे गोतावळ्याची खूण म्हणून काय मोजलं, आठवतंय? सभा आणि मोर्चे. ज्या भागांत लोक रस्त्यावर येऊन मागण्या करत होते, ते भाग लवकर भरले. म्हणजे पुस्तकाचा निष्कर्ष सरळ मराठीत सांगायचा तर : जे मागतात, ते सावरतात.

आणि आपण याच पुस्तकाच्या नावाने काय सांगतो? जे मागत नाहीत, ते सावरणारे. रडत नाहीत म्हणून चिवट. हा निव्वळ उलटा अर्थ आहे. मुंबईत पूर आला, बॉम्बस्फोट झाले की ‘मुंबई स्पिरिट’चं कौतुक होतं, तोच प्रकार. दुसऱ्या दिवशी लोक कामावर गेले, कारण न गेल्यास पगार कापला जातो. त्याला कणखरपणा म्हटलं की पगाराचा प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

निसर्ग वादळानंतर कोकणातल्या बागायतदारांनी मात्र मागितलं. हेक्टरी मदत आमच्या कामाची नाही, झाडामागे द्या, असा आग्रह त्यांनी धरला, निवेदनं दिली, आणि पुढे नारळ-सुपारीसाठी झाडनिहाय मदतीचा निर्णय राज्याला घ्यावा लागला. रक्कम पुरेशी होती का, हा वेगळा वाद. पण मोजायचं एकक बदललं. माझ्या दृष्टीने निसर्गनंतरचं सामाजिक भांडवलाचं हे सगळ्यांत स्पष्ट उदाहरण आहे. पडलेलं झाड उचलायला चार शेजारी आले, हेही भांडवल खरंच. पण नियम बदलून घेतला, हे त्याहून मोठं. चिवटपणाच्या भाषणांत पहिलं येतं, दुसरं येत नाही.

गावाच्या हातात काय, आणि काय नाही

एक आक्षेप रास्त आहे : मग काय, सगळं सरकारनेच करायचं? गावाने काहीच करायचं नाही? तसं मी म्हणत नाही. वीज परत आणण्याचंच बघा. दक्षिण रायगडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. इतर जिल्ह्यांतून महावितरणची पथकं आली, आणि खांब वाहायला, रस्ता मोकळा करायला ठिकठिकाणी गावकऱ्यांनी हात लावला. गाव खांब उचलू शकतं. पण खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर गाव बनवू शकत नाही, आणि तार जमिनीखालून न्यायची की वरून, हे गाव ठरवत नाही. अलिबाग शहरात राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून भूमिगत वाहिन्यांचं काम हाती घेतलं गेलं. तळ्याच्या वाड्यांच्या तारा त्यात नव्हत्या. तळ्याचे लोक अलिबागच्या लोकांपेक्षा कमी जोडलेले आहेत, म्हणून का? उघडच नाही.

ओडिशाचं उदाहरण यासाठीच महत्त्वाचं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं, जवळपास १० लाख लोकांना हलवलं गेलं आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत ओडिशाच्या माणसाचा स्वभाव बदलला नाही. स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभं राहिलं, निवारे बांधले गेले, ते चालवायला गावपातळीवर समित्या आणि स्वयंसेवक तयार झाले, सराव झाले, दरवर्षी पैसा मिळत राहिला. गोतावळा होताच. त्याला इमारत, भोंगा आणि अंदाजपत्रक मिळालं.

आपल्याकडचं उदाहरण शोधायचं तर लातूर-धाराशिवचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगाव बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. अनुदानाची माहिती देणं, बांधकामावर लक्ष ठेवणं, तक्रार वर नेणं, ही त्यांची कामं. पुढे २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा यातल्या बायका तिकडे अनुभव सांगायला गेल्या. लक्षात घ्या : त्यांच्याकडे नेमणूक होती, कामाची व्याख्या होती, आणि अधिकाऱ्याला प्रश्न विचारायची वाट होती. नुसतं ‘महिलांनी पुढाकार घ्यावा’ असं भाषण नव्हतं.

केंद्राने ‘आपदा मित्र’ योजना आणली, ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याची. प्रशिक्षण बारा दिवसांचं. माणूस वाचवायला शिकवतात, आणि ते हवंच. पण पंचनामा कसा वाचायचा, त्यावर हरकत कशी घ्यायची, हे शिकवणारं प्रशिक्षण वादळ ओसरल्यावरच्या दोन वर्षांत लागतं, ते कुठे आहे? २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा राष्ट्र, राज्य, जिल्हा अशी प्राधिकरणांची उतरंड घालतो. जिल्ह्याला जिल्हाधिकारी अध्यक्ष. ग्रामपंचायतीला कामं सांगितलीत, पण त्या उतरंडीत तिचं स्वतःचं प्राधिकरण नाही. आणि दक्षिण रायगडच्या गावात आपत्तीच्या दिवशी जी माणसं खरोखर हजर असतात, म्हणजे आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बायका, त्यांच्या सहीला पंचनाम्यात किती किंमत?

मग हे पुस्तक वाचायचं का?

जरूर वाचा. पण वाचताना तीन गोष्टी मनात ठेवा. कोकणात गावचा गोतावळा मोजायचा असेल, तर गणपतीत मोजू नका, जूनमध्ये मोजा. कोण हजर आहे, कोणाला गाडी चालवता येते, कोणाला रात्री एकटीने सांभाळायची दोन म्हातारी माणसं आहेत, हे लिहा. दुसरं, मुंबईला एक वेगळा रकाना द्या, आणि मुंबई आणि गाव एकदम अडचणीत आले तर पैसा कुठून येईल, हे विचारा. तिसरं, मदतीला धावलेल्या हातांबरोबर मागण्याही मोजा : किती हरकती घेतल्या, किती मान्य झाल्या, कोणाच्या नावाने हरकत घेणाराच कोणी नव्हता.

या तिसऱ्या प्रश्नातून तळ्यात एक छोटं काम लगेच करता येण्यासारखं आहे, आणि त्याला वादळाची वाट बघावी लागत नाही. सामाईक सातबाऱ्यांवरची वारसनोंद आणि संमतीपत्रं आत्ताच, कोरड्या दिवसांत, ग्रामसभेत तलाठ्याला बसवून पूर्ण करून घेणं. चाकरमानी गणपतीत आणि शिमग्याला येतोच, तेव्हा सह्या होऊ शकतात. बिनजमिनीच्या घरांची आणि मजुरांची वेगळी यादी त्याच ग्रामसभेत मंजूर करून तहसील कार्यालयात पोच घेऊन द्यायची. ही कामं कुठल्याही रेझिलियन्सच्या निर्देशांकात मोजली जात नाहीत. अरबी समुद्रात २००९ मध्ये फयान, २०२० मध्ये निसर्ग, २०२१ मध्ये तौक्ते आलं. पुढचं येईल तेव्हा पंचनाम्याच्या कागदावर कोणाचं नाव असेल, ते या याद्यांवर ठरेल.